माणदेशा, नळ आला!

पहाटे चार वाजून दहा मिनिटं. आधी नखांचा आवाज येतो, गॅलरीच्या दाराला कुणी पॉलिश पेपर घासतंय असा. मग बारीकशी कुंई. मग मिनिटभर काहीच नाही. या एका मिनिटात माणूस स्वतःला फसवून घेतो, की झोपलं वाटतं परत. आणि मग ती खरी सुरू होते. चढत जाते, वर जाऊन चिरकते, दम घेऊन पुन्हा खालून चढायला लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या मोशीच्या घरात हे पिल्लू आलं. त्याचं बारसं कुणी केलं नाही. चौथ्या दिवशी मुलगा डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, हा तर पहिल्या पाळीचा भोंगा आहे." तेच नाव पडलं. मी त्याच्या आदल्या वर्षी अडतीस वर्षांच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो आणि निरोपसमारंभात मला कुणीतरी विचारलं होतं, आता काय करणार? मी माईकवर सांगितलं होतं, "सात वाजेपर्यंत झोपणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मुलगा चाकणला, म्हाळुंगेच्या बाजूला, एका कंपनीत स्टोअर्सला आहे. तिथं मालाची रिकामी लाकडी खोकी मागच्या शेडला रचून ठेवलेली असतात. त्यातल्या एका खोक्यात कुत्रीनं चार पिल्लं घातली. पिल्लांचे डोळे उघडून दोन-तीन आठवडे झाले असतील, कुत्री रस्त्यावर कंटेनरखाली गेली. चाकणच्या रस्त्याला रात्र नाही, कंटेनर चोवीस तास चालू. तीन पिल्लं ड्रायव्हर लोकांनी केबिनमध्ये टाकून नेली. ती आता कुठल्या राज्यात आहेत देव जाणे. उरलेलं चौथं डब्याच्या पिशवीतून आमच्याकडं आलं. "दोन दिवस ठेवू, मग बघू," मुलगा म्हणाला. माझ्या बायकोनं पहिल्या रात्री जाहीर केलं, की घरात कुत्रं चालणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोळी दह्यात कुस्करत होती आणि ते तिच्या पदराला लोंबकळत होतं.

रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला, पोट नगाऱ्यासारखं. जनावरांच्या डॉक्टरांनी पोटाला बोट लावूनच सांगितलं, जंत आहेत. वय साधारण सहा आठवडे. जंताचं औषध दिलं, पहिली लस टोचली, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. "तोवर खाली रस्त्यावर न्यायचं नाही. पार्व्हो फार वाईट असतो, दोन दिवसांत पिल्लू हातचं जातं." म्हणजे जे काही करायचं ते तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, वर्तमानपत्रावर. मी रद्दी विकणं बंद केलं.

"मागच्या जन्मीचं काहीतरी देणं असेल तुमचं," बायको म्हणाली, "वसुलीला आलंय."

आपल्याकडं जे जे चिकटतं त्याला हे एक उत्तर ठरलेलं आहे. कुत्रं असो, भाडेकरू असो, नाहीतर जावई. ऋणानुबंध म्हटलं की पुढं प्रश्न विचारता येत नाही. मी आयुष्यभर मायक्रोमीटरनं मापं घेतलेला माणूस. मागच्या जन्मीचा हिशेब मला पटत नाही, कारण त्याचं व्हाउचर नसतं. पण त्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि याच जन्मातली एक उधारी निघाली.

थंडी होती. रात्री पिल्लू कुडकुडत होतं म्हणून बायकोनं माळ्यावरून जुनी गोधडी काढली, कात्री घेतली आणि तिचा चौकोन कापायला बसली. मी बघितलं आणि ओरडलो. खरंच ओरडलो, तिच्या हातातली कात्री थांबली. तेहेतीस-चौतीस वर्षांच्या संसारात मी गोधडीसारख्या वस्तूवरून कधी आवाज चढवला नव्हता. "आईंची आहे म्हणून?" तिनं विचारलं. आईची होतीच. पण तिच्या वरच्या थराला जे हिरवं लुगडं होतं, ते मुळात आईसाठी घेतलेलं नव्हतं. हे मी तिला कधी सांगितलेलंच नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंही नव्हतं. त्या रात्री सांगितलं. गोधडी पुन्हा माळ्यावर गेली, पिल्लाला बारदान मिळालं.

जून १९८६ ला मी माणदेशातल्या दहिवडीहून एसटीनं इकडं आलो. पत्र्याची ट्रंक, आयटीआयचा फिटर ट्रेडचा कागद, आणि भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं अप्रेंटिसचं पत्र. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती, पण अजून गावं गावांसारखी दिसायची. कंपाउंडच्या आत प्रेस मशीनचा धडाका आणि कंपाउंडला लागून बाजरी. काळभोरनगरला एका चाळीत कॉट बेसिसवर जागा मिळाली. कॉट बेसिस म्हणजे काय, हे आता मुलांना समजावून सांगावं लागतं. दहा बाय बाराची खोली, खाटा चार, माणसं आठ. पाळीवर गेलेल्याच्या खाटेवर पाळीवरून आलेला झोपायचा. खाट कधी गार पडायची नाही. महिना साठ रुपये. माझ्या खाटेचा दुसरा मालक जळगावचा होता. दोन वर्षांत आम्ही दोघं जागेपणी एकमेकांना मोजून पाच-सहा वेळा भेटलो असू. त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास मात्र मी आजही हजारांत ओळखीन.

माझी झोप म्हणजे धोंडा. गावाकडं आई तोंडावर पाणी मारायची तेव्हा कुठं मी हुं म्हणायचो. इथं पहिली पाळी साडेसहाची. काळभोरनगर ते भोसरी सायकलनं पाऊण तास, त्याआधी नळ, त्याआधी संडासाची रांग. सगळं उलटं मोजत गेलं की उत्तर यायचं सव्वाचार. पहिल्या पंधरा दिवसांत माझे तीन लेट मार्क झाले. तिसऱ्याला अर्धा दिवस कापला आणि सुपरवायझर म्हणाला, "पुढच्या वेळी ट्रंक घेऊनच ये, इथनंच एसटी धरता येईल."

त्या संध्याकाळी मी चाळीच्या पायरीवर बसलो होतो. चाळमालकाची आई तांदूळ निवडत होती. तिला सगळे मोठी आई म्हणायचे. सत्तरीची असेल. हातावर गोंदण, कपाळावर उरलेलं नुसतं आडवं जुनं गोंदण, कारण कुंकू पुसून बरीच वर्षं झाली होती. तिचा नवरा पेनिसिलिन कंपनीच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली होता. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला जुनी माणसं पेनिसिलिन कंपनीच म्हणत. ती कंपनी १९५४ सालची, एमआयडीसी महामंडळ स्थापन झालं ते १९६२ ला. मोठ्या आईच्या बोलण्यात काळाचे दोनच तुकडे असायचे, पेनिसिलिनच्या आधी आणि पेनिसिलिनच्या नंतर. आधी ज्वारी होती, नंतर भाडेकरू आले.

"तोंड का पाडलंय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"किती वाजता उठायचं असतं?"

"सव्वाचार."

"मी तर उठलेलीच असते," ती म्हणाली आणि सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

करार झाला तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या दारावर काठीचे तीन ठोके पडले. "उठ रं माणदेशा, नळ आला!" माझं नाव तिला माहीत नव्हतं, आणि तिनं ते कधी विचारलंही नाही. चाळीत पोरं येत-जात राहायची. नावं लक्षात ठेवण्यात अर्थ नव्हता. ती गावानं हाका मारायची. ए जळगाव, ए लातूर, ए परभणी. दोघं एकाच जिल्ह्यातले असले तर तालुक्यावर यायची. नळ साडेचारला यायचा, पाऊण तास टिकायचा. ती पावणेचारला उठून हंडे-कळशा ओळीनं मांडायची. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं. रेल्वेलाईन जवळ, कुठली गाडी किती वाजता जाते ते तिच्या कानांना पाठ होतं. कधी गाडी लेट झाली तर आम्हीही लेट व्हायला हवे होतो, पण तसं एकदाही झालं नाही. तिचं दुसरं काहीतरी घड्याळ असणार.

मला आज, उत्पादनाच्या खात्यात आयुष्य काढल्यावर, तिचं खरं कसब कळतं. खोलीत आठ माणसं, तीन पाळ्या, दर सोमवारी अदलाबदल. या आठवड्यात पहिलीला कोण, दुसरीला कोण, रात्रीला कोण, हे तिला कागदाशिवाय ठाऊक असायचं. पुढं आमच्या प्लॅनिंग खात्यात कॉम्प्युटर आला, तेव्हाही पाळ्यांचा घोळ व्हायचाच. तर ज्या आठवड्यात खोलीत दुसऱ्या पाळीची पोरं झोपलेली असत, रात्री बारा-एकला येऊन पडलेली, त्या आठवड्यात ती दार वाजवायची नाही. माझी खाट खिडकीशी होती. खिडकीच्या गजांतून काठी आत घालायची आणि माझ्या तळपायाला टोचायची. मग गजाला तोंड लावून कुजबुजायची, "माणदेशा, नळ आला." हाच शब्द, फक्त आवाज काढून घेतलेला. आणि त्या आठवड्यात ती हंडे फरशीवर ठेवायची नाही, खाली पोतं अंथरून त्यावर ठेवायची. पितळेचा आवाज होऊ नये म्हणून. हे मला फार उशिरा कळलं. पाण्याला उतरलो की ते पोतं पायाला ओलं लागायचं, मला वाटायचं ही चिखल होऊ नये म्हणून टाकते.

दोन वर्षं. सुट्ट्या आणि रात्रपाळीचे आठवडे वजा केले तरी दोनशेवर सकाळी. एकही लेट मार्क नाही. अप्रेंटिसशिप संपली, तिथंच कामाला लागलो, कायम झालो. आकुर्डीला दोघांत खोली घेतली. पहिला बोनस हातात आला त्या दिवाळीला चिंचवडगावातून हिरवं नऊवारी लुगडं घेतलं आणि काळभोरनगरला गेलो. ती पायरीवरच होती.

"कोण रं?"

मी नाव सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आडनाव सांगितलं, खोली सांगितली. नाही. मग मी म्हणालो, "माणदेश."

"अगो बया!" म्हणाली. मग मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "मग आता तुला कोण उठवतं?"

"गजराचं घड्याळ घेतलंय."

"बरंय. त्याला चहा लागत नाही."

लुगडं तिनं उलगडून बघितलं, काठ बोटांत धरून बघितले, आणि तशीच घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं. "तुझ्या आईला ने. तिनं पोरगं दिलं, मी नुसती काठी वाजवली." मी खूप म्हटलं. ती ऐकेना. चहा पाजला, पाठवून दिलं. लुगडं आईनं पंधराएक वर्षं नेसलं, विरलं तेव्हा गोधडीला लावलं. मी पुढं लग्न, मुलगा, कर्ज, बदललेली घरं यांत काळभोरनगरच्या त्या गल्लीत परत गेलो तो थेट २००४-०५ च्या सुमाराला. तिथं चार मजली इमारत होती आणि खाली मोबाईलचं दुकान. मी विचारलंसुद्धा नाही कुणाला.

असो. पिल्लाकडं येतो.

आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर, लातूरकडचं एक तरुण जोडपं भाड्यानं राहतं. त्यांची मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती. तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, कंत्राटावर. पाळी दर आठवड्याला बदलते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्री बारा वाजता सुटणार, कुरुळी फाट्याजवळच्या कंटेनरच्या रांगेतून गाडी काढत घरी यायला एक. जेवून पडायला दीड. आणि चार दहाला वरून भोंगा. मी त्याला लिफ्टमध्ये टाळायला लागलो. खाली उतरताना आधी जिन्यातून वाकून बघायचो, त्याची बाईक आहे की नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुठल्या साहेबाला असा घाबरलो नव्हतो.

तिसऱ्या आठवड्यात पार्किंगमध्ये गाठ पडलीच. त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते, काढायला विसरला होता. मी एकदम माफीच मागायला लागलो. त्यानं एक बोळा काढला.

"काय म्हणालात काका?"

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"अहो, राहू द्या. आमची पोरगी काय कमी आहे का? तिचा भोंगा तीनला असतो." मग जरा घुटमळून म्हणाला, "एक सांगू का? तुम्ही त्याच्याशी बोलता, काका. म्हणून ते उठून बसतं."

"तुला काय माहीत?"

"खाली ऐकू येतं."

मी पहाटे चारला पिल्लाशी काय काय बोलत होतो ते मला आठवलं आणि मी बाईकच्या नंबर प्लेटकडं बघत राहिलो. अडतीस वर्षं शॉप फ्लोअरवर ज्याला पोरं टरकून होती तो माणूस 'अले अले, कोण लडतंय माज्या लाजाचं' असं म्हणत होता, आणि दुसऱ्या मजल्यावर त्याची रोज नोंद होत होती.

दुसऱ्या दिवशी तो वर आला तो काखेत पुठ्ठे घेऊन. जाड, दुपदरी, पॅकिंगचे. गॅलरीच्या दाराची काच आणि शेजारची खिडकी मापात कापून तपकिरी टेपनं बंद केली. आमच्या चौकात हायमास्ट दिवा आहे. त्याचा उजेड रात्रभर बरोबर पिल्लाच्या बारदानावर पडत होता. मला तो कधी दिसलाच नव्हता. "तिसऱ्या पाळीत मी असाच झोपतो," तो म्हणाला. "दिवसाची रात्र करायची. काका, झोप पण आमची टार्गेटवर चालते. चार तास म्हणजे चार तास. त्यात उजेड नको, आवाज नको, आणि मध्ये उठलं तर कुणाशी बोलायचं नाही. बोललं की मेंदूला वाटतं ड्युटी चालू झाली." त्यानं आमच्या पिल्लाला रात्रपाळीच्या कामगाराचे नियम लावले. मला अजूनही वाटतं, पिल्लू पाळण्यावर यापेक्षा शहाणं कुणी काही बोललं नसेल.

डॉक्टरांनी सांगितलं ते याला जोडूनच होतं. एवढ्या लहान पिल्लाची लघवीची पिशवी लिंबाएवढी. ढोबळ हिशेब असा, की वय जितके महिने, तितके तास, फार तर एखादा जास्त. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपलीकडं धरू शकत नाही. म्हणजे रात्री एकदा तरी उठायचंच, त्यात त्याचा काही गुन्हा नाही. आणि आपण काय करत होतो? झोपताना वाटीभर दूध. "दूध बंद," डॉक्टर म्हणाले. "पचतही नाही आणि पोट बिघडतं. शेवटचं खाणं सात-साडेसातला, पाणी नऊपर्यंत, अकराला एकदा पेपरवर उभं करायचं. पहाटे रडलं तर लगेच धावायचं नाही. दम घ्यायला थांबतं ना, त्या फटीत जायचं. रडताना गेलात तर रडलं की माणूस येतो हे शिकतं. दिवा लावायचा नाही, न बोलता पेपरवर, न बोलता परत. आणि मग रोज पाच-दहा मिनिटं उशिरा."

सोपं वाटतं ऐकायला. ज्यानं पहाटे अंधारात, अनवाणी, ओल्या वर्तमानपत्रावर पाय देऊन, तोंडातून अवाक्षर न काढता दहा मिनिटं काढली आहेत त्यालाच ते माहीत. चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाईस्तेखानाच्या फौजेपुढं पन्नासहून जास्त दिवस काढले. मी पाचव्या दिवशीच बिस्किटाचा पुडा फोडला. बायकोनं रंगेहाथ पकडलं. त्या दिवसापासून बिस्किटांचा डबा तिच्या ताब्यात गेला.

तरी गाडी पुढं सरकली. रात्री एकची फेरी बंद झाली. पोट सुधारलं, नगारा उतरला, कानही दोन्ही उभे राहायला लागले. पण चार दहा काही हलेना. पिल्लू अडीच महिन्यांचं झालं, तीनचं झालं, रेबीजची लस झाली, खाली फिरायला जाऊ लागलं, दमून येऊन पडायला लागलं. लघवीचंही कारण उरलं नव्हतं, पेपर बऱ्याचदा कोरडा असायचा. आणि चार दहा म्हणजे चार दहा. मुलगा म्हणाला, याच्यात बॅटरी आहे.

एप्रिलमध्ये पुतण्याच्या लग्नाला मी तीन दिवस दहिवडीला गेलो. गुडघ्यामुळं बायको मागं राहिली. परत आलो, बॅग ठेवली, विचारलं, "भोंगा?"

"पावणेसहा," ती म्हणाली.

"कधी?"

"तिन्ही दिवस. कंपनीच्या बस सुरू झाल्या की उठायचा. त्याआधी हूं नाही की चूं नाही." आणि चहाचं आधण ठेवता ठेवता पाठमोरी म्हणाली, "तो तुम्हाला उठवत नाही. तुम्ही त्याला उठवता."

मी मानलं नाही. कॅलेंडरच्या पानामागं तक्ता आखला. एका रकान्यात मला जाग आली ती वेळ, दुसऱ्यात पहिली कुंई. घड्याळ उशाशी. सहा दिवस. सहाच्या सहा दिवस माझी वेळ आधी, त्याची नंतर. फरक दोन ते पाच मिनिटं. चार आठ, चार सात, एकदा चार पाच. अडतीस वर्षं ज्या वेळेला शरीर उठत आलं ती वेळ त्यानं निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. मी डोळे न उघडता कूस बदलायचो, पलंगाची फळी करकरायची, उजवा गुडघा कट्ट वाजायचा, एक दाबलेला खोकला. माझ्या लेखी मी झोपलेला असायचो. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचा. भिंतीपलीकडं माझा गुडघा वाजला की त्याला कळायचं, माणूस उठला. मग ते नखानं दार घासून विचारायचं, येतोस ना? नखांच्या त्या आवाजानं मी 'जागा व्हायचो' आणि त्याला शिव्या द्यायचो. कुत्र्यांना तशीही पहाट आणि तिन्हीसांज या वेळा प्यारी. कुणी बोलावलं तर ती नाही म्हणणार नाहीत.

मी कॅलेंडरचं ते पान घेऊन खाली दुसऱ्या मजल्यावर गेलो. त्याचा पहिल्या पाळीचा आठवडा होता, संध्याकाळी मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. त्यानं पान नीट बघितलं. मग म्हणाला, "काका, रूट कॉज सापडला म्हणजे." आणि हसू आवरत, "करेक्टिव्ह ॲक्शन काय घेणार?"

पलंगाच्या फळीखाली रबरी पट्ट्या बसवल्या, दोन सांध्यांना ग्रीस. एवढं तर फिटरला येतं. गुडघ्याला ग्रीस लावता येत नाही, म्हणून कूसच बदलायची नाही असं ठरवलं. जाग आली की तसंच पडून राहायचं, उताणं, श्वास सावकाश. पहिले काही दिवस फार जड गेलं. पडल्या पडल्या ऐकण्याखेरीज काही करता येत नाही, आणि ऐकायला लागलो तर कळलं, ही पहाट मी कधी ऐकलीच नव्हती. उठलो की धावतच सुटायचो ना. चार वाजता नाशिक रस्त्यावरून कांद्याच्या गाड्या चाकणच्या बाजाराकडं जातात, त्यांचा आवाज कंटेनरपेक्षा वेगळा, सैल. साडेचारला वरच्या टाकीत पाणी चढायला लागतं. कार्तिकात आळंदीच्या वाटेवरच्या दिंड्या आमच्या बाजूच्या शाळेत मुक्कामाला असतात. पाचच्या आत त्यांचा काकडा सुरू होतो, देवाला उठवायला. टाळ लांबून येतात. पावणेसहाला पहिली कंपनी बस चौकात थांबते, हॉर्न एकदाच, आखूड.

भोंगा आता मोठा झालाय. पुठ्ठे काचेवर अजून तसेच आहेत, एका कोपऱ्याला त्यानं चावून गोलाई काढलीय. तो पावणेसहाच्या बसला उठतो. माझी जाग चार दहाची ती चार दहाचीच.

पडल्या पडल्या मला खालचा आठवडाही कळतो. रात्री एकला बाईक आली असेल तर दुसरी पाळी. म्हणजे आत्ता तो आणि त्याची बायको आणि पोरगी, सगळीच झोपलेली. सोमवारी पाळी बदलते, मला विचारावं लागत नाही. त्या आठवड्यात मी जास्तच सांभाळून असतो. साठीला टेकलेल्या माणसाला चार दहा ते पावणेसहा नुसतं पडून राहणं जमत नाही, एकदा उठावं लागतंच. पिल्लाचा तो प्रश्न सुटला, आता माझा सुरू झाला. चपला घालत नाही. पलंगावरून पाय खाली सोडून आधी गुडघा हातानं दाबून धरतो, वाजू नये म्हणून. मग भिंतीच्या कडेनं, फरशी जिथं पोकळ वाजते तो चौकोन ओलांडून. बाथरूममध्ये बादलीखाली बायकोनं जुनं पायपुसणं टाकून ठेवलंय. मी सांगितलं नव्हतं, तिनंच टाकलं. फ्लश नाही, मगानं धार धरून पाणी.

परत येताना गॅलरीच्या दाराशी अंधारात बारदानावर एक कान उभा राहतो. मी आहे तिथं थांबतो. कान थोडा वळतो, माझ्या बाजूला. मी श्वास धरतो. मग तो हळूहळू पडतो. मी दुसरं पाऊल उचलतो.